बारीक दळलेलं मीठ

आमच्या मामांनी मान वर करून आभाळाकडे बघितलेलं मला एकदाच आठवतं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, पुष्कळ माणसं बघत नाहीत. पण पुष्कळ माणसं बलूनवर कामाला नसतात. आमचे मामा होते. बलून सुटला की झाडून सगळे तोंड वासून वर बघायचे, आणि हा एकटा माणूस खाली मान घालून शेतातून पळत सुटायचा. कशाच्या मागे, तर सावलीच्या. "वर बघून काय कळतं?" म्हणायचे. "सावली बघ. पुसट झाली म्हंजे वर चाललाय, गडद झाली म्हंजे उतरतोय. आन पळते कुठं ती बघ, म्हंजे वारा कळतो." असे पळता पळता एकदा विहिरीच्या कठड्यावर आपटले, तरी सवय गेली नाही.

मी त्यांची सख्खी भाची, पण गावालाही ते मामाच. आमचं गाव ठाण्याच्या खाडीवर, एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला चर्च. मामांच्या घरात बापजाद्यांपासून होड्या बांधायचं आणि शिडं शिवायचं काम. तरुणपणी ते मुंबईच्या बंदरात शिडं दुरुस्त करायला जायचे. तिथे एका सर्कशीबरोबर एक गोरा साहेब आलेला. तो बलूनमधून वर जायचा आणि मोठ्या छत्रीला लोंबकळत खाली यायचा. एके दिवशी त्याचं कापड फाटलं. कुणीतरी म्हणालं, शिडं शिवणारा बोलवा. मामा सकाळपुरते म्हणून गेले आणि साहेब विलायतेला परत जाईपर्यंत घरी आलेच नाहीत, म्हणजे येऊन जाऊन असायचे, पण मन तिकडेच. कापड, जाळं, दोर, गॅस भरणं, सगळं त्यांच्या हातात. वर मात्र त्यांना साहेबाने एकदाही नेलं नाही. "तू वर आलास तर खाली दोर कोण धरणार?" म्हणायचा. मामा ही गोष्ट हसत सांगायचे. मला ते हसणं काही खरं वाटायचं नाही.

माणूस विक्षिप्त, हे कबूल. कुठलंही कापड दिसलं की ओठाला लावून त्यातून फुंकर मारून बघायचे. वारा आरपार गेला की कापड नापास. माझ्या लग्नात, चर्चच्या दारात, सगळे सासरचे उभे असताना मामांनी माझ्या साडीचा पदर उचलला, ओठाला लावला आणि जोरात फुंकला. सासूबाईंना वाटलं, आशीर्वाद द्यायची ही ठाण्याकडची रीत असेल. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, "वारा जातोय." एवढंच बोलले आणि आत जाऊन बसले. पुढे माझा नवरा जहाजावर गेला तो वर्षा-दोन वर्षांनी फिरकायचा, आणि मी मुलाला घेऊन मामांकडेच असायची. सासूबाईंनी आयुष्यभर त्याचा दोष त्या फुंकरीला दिला.

त्यांचं आणखी एक बोलणं गावभर झालेलं. साहेब एकदा वाऱ्याने भलतीकडे गेला आणि एका गोदामाच्या कौलांवर पडून पाय मोडून घेतला. मामा धापा टाकत पोचले आणि विचारते झाले, "कापड कसं हाय?" साहेबानेच ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली, खाटेवर पडल्या पडल्या, हसून हसून. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. पाय आपला आपण जुळतो, कापड कुणीतरी शिवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. घरीही तेच. माझा मुलगा चिंचेवरून पडला, तर हे सदऱ्याची बाही उलटसुलट करून बघतायत. मामी कपाळाला हात लावून म्हणायची, "उद्या मी आडात पडले ना, तरी हा माणूस आधी लुगडं तपासंल."

मामी कोळ्यांकडची. अंगाने एवढीशी. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली की लांबून पाटीच चाललीय असं वाटायचं. पण बोलायला लागली की फौजदाराने वाट सोडावी.

साहेब विलायतेला गेला आणि मामा पितळेची एक झडप फडक्यात गुंडाळून घरी परतले. बलूनच्या डोक्याला असते ती, दोरी ओढली की उघडते आणि गॅस जातो. ती झडप त्यांनी येशूच्या तसबिरीसमोर ठेवली आणि जेवताना म्हणाले, "आता आपला करायचा."

"कशाला?" मामी म्हणाली.

मामांनी भाताचा घास तसाच ठेवला. "मना एकदा पारसिक वरनं बघायचाय."

तुम्हाला ते कळायचं नाही. आमच्या गावाला सूर्य उशिरा उगवतो. बाकीच्या जगाला उजाडून जातं तरी पारसिकचा डोंगर आमच्या पुढ्यात काळाच्या काळा उभा. लहानपणापासून मामांना वाटायचं, पलीकडे डोंबिवलीकडच्या शेतातून सकाळी निघावं, सकाळचा वारा खाडीकडे वाहतोच, त्यावर बसून डोंगर ओलांडावा आणि आपल्या दारात उतरावं. बस, एवढंच. याच्यासाठी त्या माणसाने कितीतरी वर्षं घातली. मी फटकळ बाई आहे, मी त्यांना तोंडावर वेडे म्हटलेलं आहे. पण मांजरपाटाचे तागे घरात आले तेव्हा सुई घेऊन पहिली मीच बसले. असं वेड दुसऱ्या कुणाचं मी बघितलेलं नव्हतं, आणि त्यात आपलाही हात असावा असं मला वाटलं.

मी शिवायची आणि मामी वरचं जाळं विणायची. मासळीच्या जाळ्याच्याच गाठी, फक्त दोर जाड. मामा जवसाचं तेल कढवून कापडाला लावायचे, म्हणजे वारा कोंडून राहतो. अंगणात बांबूंवर ती तेलकट कापडं लटकलेली आणि सगळ्या आळीला तो वास. शेजारणीचे बोंबील वाळत असायचे, त्यांनाही जवसाचा वास लागला. तरी ती बिचारी चांगल्या मनाची. एका दुपारी आम्ही घरी नसताना तिने सगळी कापडं उतरवून सुबक घड्या घालून ओसरीवर रचून ठेवली. तेल लावलेलं कापड घडी केलं की आतल्या आत तापतं, हे तिला काय ठाऊक. आम्ही आलो तर ढिगातून धूर. मामांनी तो ढीग हातांनी ओढत विहिरीवर नेला. मला वाटलं आता हिची धडगत नाही. पण दुसऱ्या सकाळी मामा तिच्या दारात जाऊन म्हणाले, "अगो, घडी सुरेख घालतेस हां तू. पण माझ्या कापडाला घडी सोसत नाय." जळालेली कापडं आम्ही पुन्हा शिवली. त्यांच्या तोंडून शिवी म्हणून गेली नाही कधी. मी मात्र दोन महिने त्या शेजारणीशी बोलले नाही.

आता मिठाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बलूनला आणखी वर जायचं असलं की भार खाली टाकावा लागतो. साहेब त्यासाठी वाळूच्या पिशव्या ठेवायचा आणि वरून मुठीने वाळू सोडायचा. एकदा कुठल्याशा गावात ती वाळू एका म्हातारीच्या डोक्यावर पडली. म्हातारीने हंबरडा फोडला. मी जिवंत असताना माझ्यावर माती टाकली, म्हणून ऊर बडवायला लागली. साहेबाला काही कळलं नाही, पण मामांच्या ते मनाला लागून राहिलं. "आपल्यात माती कवा टाकतात?" ते म्हणायचे. "पेटी खड्ड्यात उतरली का. तीच मी जित्या माणसांच्या डोक्यावर टाकू? माझ्या हातनं नाय व्हायचं." वाळू म्हणजे माती नव्हे, असं मी म्हणून बघितलं. त्यांना ते पटेना. मग ठरलं मीठ. मीठ ओवाळून टाकतातच की दृष्ट काढायला. अंगावर पडलं तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही, उलट बरंच.

मीठ रीतसर बाजारातून आलं. जाडं, खड्याचं. मामांनी मुठीत घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या उंचावरून खडा कुणाच्या डोळ्यात गेला तर? म्हणून ते दळायचं. मी आणि मामी जात्यावर मीठ दळायला बसलो. हात असे झोंबायचे की भाकरी थापवेना. मामी जात्याचा खुंटा फिरवत नवऱ्याचा उद्धार करायची आणि दळत राहायची. मीठ पिठासारखं झालं. मामांनी मुठीतून सोडून बघितलं, कसं अल्लद सांडतं ते, आणि खूश झाले.

मिठागराच्या काठी जन्मलेल्या माणसाला बारीक मीठ दव पिऊन घट्ट होतं हे ठाऊक नसावं का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. ठाऊक होतं हो. आम्हा तिघांनाही होतं. पण आमच्याकडे मिठाच्या राशी असतात त्या खड्यांच्या, आणि बारीक मीठ घरात बरणीत असतं चिमूटभर. पिशव्याच्या पिशव्या बारीक मीठ थंडीच्या दिवसांत उघड्या शेतात रात्रभर ठेवायची वेळ कुणावर आलेली असते? आमच्या डोक्यातच आलं नाही.

डोंबिवलीच्या शेतात भात कापून झालेलं होतं. तिथे मामांनी पिंपं मांडली. लोखंडाचा कीस, त्यावर तेजाब, आणि पिंपातून नळीने गॅस कापडात. सकाळपर्यंत बलून उभा राहिला, पण गाल बसलेलेच. बांधाबांधांवर माणसं जमलेली. मामा टोपलीत चढले. कोट नवा शिवलेला, माझ्याच हातचा. आम्ही दोर सैल केले. टोपली जागची हलली नाही.

मामांनी कोट काढून माझ्याकडे फेकला. मग वहाणा, मग तंबाखूची पिशवी. लोक हसायला लागले. मग त्यांनी मिठाची एक पिशवी सोडली, दुसरी सोडली. टोपली वीतभर उचलली आणि पुन्हा टेकली.

मामी जवळ गेली. "किती काढणार?"

"सगळ्या."

"मग डोंगरावरनं कसे जाल? तुमीच सांगत आलात, डोंगरापुढं मीठ टाकल्याबिगर वर जाता येत नाय."

टोपलीच्या काठावर मामांची बोटं पांढरी झालेली मला दिसली. इतकी वर्षं दुसऱ्याचा दोर धरलेला माणूस, आता स्वतःच्या टोपलीत उभा होता आणि टोपली त्याला उचलत नव्हती.

"उतरा," मामी हळू म्हणाली. "मी बसते. मना उचलंल तो."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बाईमाणसाला बसवताय काय. मामी वळली. "टोपली जाळ्याला टांगलीय आन जाळ्याच्या गाठी मी मारल्यात. तुझ्या आईनं मारल्यात का?" तो माणूस मागे सरकला.

मामा उतरले. त्यांनी स्वतः तिला टोपलीत चढवलं, काढलेल्या पिशव्या पुन्हा बांधल्या आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "खाली घरं असली तर मीठ मुठीनं सोडायचं. पुरी पिशवी माणसांवर कवा टाकायची नाय. उतरायचं झालं का झडपेची दोरी ओढ. आन येक ध्यानात ठेव. कुणी दोर धरल्याबिगर टोपलीतनं पाय काढू नको. तू उतरलीस का हा हलका होऊन जाईल निघून."

"जाऊ का मी आता?" मामी म्हणाली. आणि गेली.

मामा सावलीमागे धावले, मी मामांमागे. खाडी आली तशी सावली पाण्यावरून पुढे गेली. आम्ही एका ओळखीच्या होडीत बसलो. ओहोटी लागलेली, होडी मुंब्र्याकडे धावत होती. मामा पाण्यावरची सावली बघत होते. "काय दिसतं?" मला विचारायचे.

"डोंगराकडे चाललाय."

"मीठ टाकतेय का?"

"काही पडत नाहीये."

"अजून?"

"काहीच पडत नाहीये, मामा."

मामांचा चेहरा उतरला. "दव," ते म्हणाले. "मिठाचा दगड झाला." आणि त्यांनी मान वर केली. मी म्हटलं ना, एकदाच बघितलं, ते तेव्हा. बलून डोंगराआड जाईपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही. मग होडी डोंगराला वळसा घालून पलीकडे निघाली. होडीवाला वल्ही मारत येशूचं नाव घेत होता.

वर काय झालं ते मामीने नंतर सांगितलं. पिशवीत हात घातला तर आत धोंडा. नखांनी खरवडलं, जाळं विणायच्या सुईने टोचलं, चिमूटभर निघालं. डोंगर समोर येतोय, आणि पायथ्याला घरं. अंगणात बाया उभ्या, पोरं हात हलवतायत. एक पिशवी सोडली असती तर ती वर गेली असती, पण खाली कुणाचं तरी डोकं फुटलं असतं. तिने सोडली नाही. घरं मागे पडून रान लागेपर्यंत थांबली आणि मग सगळ्या पिशव्या एकदम तोडल्या. टोपली झाडांच्या शेंड्यांना घासत गेली. झडपेची दोरी फांद्यांत अडकून तुटली. पण डोंगर ओलांडला.

दोरी नाही म्हणजे उतरणं तिच्या हातात नाही. जुनं कापड झिरपत होतं म्हणून बलून आपोआप खाली आला, तो धाडकन आमच्याच बाजूच्या एका मिठागरात. गुडघ्याएवढं खारं पाणी, तळाशी मिठाचे खडे. टोपलीचं बूड फुटलं आणि मामीचे दोन्ही पाय त्यातून खाली, खड्यांवर चिरले. मिठागरातली माणसं भूत आलं म्हणून बांधाबांधाने पळून गेली. राहिला एकटा मिठाच्या चौकीवरचा शिपाई. त्याला भुताची भीती नव्हती, त्याला काळजी सरकारचा कर चुकवलेल्या मिठाची. टोपलीत सांडलेलं मीठ त्याने बघितलं.

"बाई, हे मीठ कुठून आणलंत?"

"वरनं."

"परवाना आहे?"

"दोर धर आधी," मामी म्हणाली. "दोर धर, मग परवाना बघ."

शिपाई मुद्देमालाला हात लावेना. चौकीचा साहेब येईपर्यंत काही हलवायचं नाही, असं त्याचं. बाहेर या म्हणाला, चौकीत चला म्हणाला. मामी बाहेर येईना. ती उतरली असती तर बलून गेला असता. चिरलेले पाय खाऱ्या पाण्यात बुडवून ती बाई तशीच बसून राहिली. मीठ पायांत किती झोंबलं असेल ते मला विचारू नका, माझे दळतानाचे हात मला आठवतात.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बांधावरून दिसलं ते असं. कापड अर्धं फुगलेलं, वाऱ्यावर डुलतंय, शिवण एकही उसवलेली नाही. खाली टोपलीत मामी, ओठ काळेनिळे. भोवतीचं पाणी तांबूस.

"दोर धरा," ती ओरडली. "आधी दोर धरा, मग मी उतरते."

मामा पाण्यातून गेले. मी मागे चिखलात रुतलेली, होडीवाला त्याहून मागे. दोर मामांच्या पुढ्यातच पाण्यावर पडलेला होता. त्यांनी तो ओलांडला. टोपलीत वाकले, मामीला दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर घेतलं.

"अवो, दोर," मामी म्हणाली.

मामा तिथेच पाण्यात बसले आणि तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. टोपली हलली, सुटली, पाण्यातून दोर ओढत निघाली. शिपाई मुद्देमाल, मुद्देमाल करत मागे धावला आणि बांधावरून पडला. बलून खाडीवर गेला, मग वसईच्या दिशेला, मग दिसेनासा झाला. इतक्या वर्षांचं काम. मामांनी वळूनही बघितलं नाही. डोक्याचं फडकं फाडून ते मामीच्या पायाला बांधत होते, आणि मी पोचले तेव्हा विचारत होते, "दुखतं का गो? लय दुखतं का?"

कापडाचं एका शब्दाने विचारलं नाही. मामीच रडत होती कापडासाठी.

चौकीवाल्यांनी दोन दिवस चकरा मारायला लावल्या आणि सोडून दिलं. वरून आलेल्या मिठाचं करायचं काय, हे त्यांच्याही कायद्यात नव्हतं. मामांनी दुसरा बलून केला नाही. लोक विचारायचे, तर म्हणायचे, "डोंगर झाला ना ओलांडून." पण रोज संध्याकाळी ओसरीवर मामीला म्हणायचे, सांग. आणि मामी सांगायची. डोंगराच्या माथ्यावर एक तळं आहे आणि त्यात म्हशी बसलेल्या, आपलं गाव वरून केवढंसं दिसतं, मिठागरं कशी खिडक्यांच्या तावदानांसारखी. मामा मान खाली घालून, जमिनीकडे बघत ऐकायचे. मामी दर वेळी काहीतरी नवीन घालायची. पुढे पुढे त्या तळ्यात कमळंही आली. मामांनी कधी टोकलं नाही. मला विचाराल तर पारसिक त्यांनी रोज बघितला.

ते म्हातारे होऊन गेले, खाटेवरच, फारसा त्रास न होता. पेटी खड्ड्यात उतरवली. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली आणि एकेक जण पुढे होऊन माती टाकायला लागला. मीही मूठभर घेतली होती. मामी पुढे आली ती लंगडत, पाय तिचे पुढे कधी नीट झालेच नाहीत. ती माती घ्यायला वाकली नाही. तिने पदराची गाठ सोडली.

पाद्रीबाबा बघतच राहिले. "बाई, हे काय?"

"मीठ," मामी म्हणाली. "त्यांना माणसावर माती टाकलेली आवडायची नाय."

मी माझ्या मुठीतली माती हळूच बाजूला सोडून दिली आणि तिच्यापुढे हात केला. मामीने माझ्या तळहातावर अर्धं मीठ ओतलं.

"टाक," म्हणाली. "जाडं आणलंय या वेळी. ह्याचा दगड व्हायचा नाय."